कान बुजवलेली बंदूक

एखाद्या वस्तूची ओढ माणसाला का लागते, याची दोन उत्तरे आपल्याजवळ तयार असतात. वस्तू उपयोगाची असते म्हणून, किंवा ती बाळगण्यात प्रतिष्ठा असते म्हणून. जगातले बरेचसे व्यवहार या दोन उत्तरांत आटोपतात. परंतु जिचा काही उपयोग नाही, जी चारचौघांत मिरवता येत नाही, जी ठेवायला घरात धड जागा नाही आणि जिच्यामुळे मागे कटकटी लागण्याचाच संभव अधिक, अशा वस्तूचीही ओढ माणसाला लागते. आणि ती पुष्कळदा पहिल्या दोन्ही ओढींपेक्षा चिवट असते. या तिसऱ्या ओढीचा सर्वांत चमत्कारिक नमुना मला बंदुकांच्या शौकिनांत आढळला. त्यांच्यात एक प्रश्न आवडीने विचारला जातो. कसल्याही कामाची नाही हे पक्के ठाऊक असून आपल्यापाशी असावीच असे वाटते, अशी बंदूक कोणती? या प्रश्नाची उत्तरे वाचू लागले की शस्त्रांविषयी वाचतो आहोत असे वाटतच नाही. एखाद्या भाषेतल्या फसलेल्या, पण कोणालातरी प्राणप्रिय झालेल्या ग्रंथांची यादी आपण वाचतो आहोत असे वाटते.

मी मराठी शिकवते. शस्त्रविद्येशी माझा संबंध बखरींपुरता. तरीही गेली तीनेक वर्षे मी या निरुपयोगी बंदुकांविषयी जमेल ते वाचत आले आहे. त्यामागे एक घरगुती कारण आहे. ते पुढे येईलच. आधी या बंदुका कशा असतात ते पाहू.

लंडनच्या जेम्स पकल नावाच्या कायदेपंडिताने १७१८ साली एका बंदुकीचे पेटंट घेतले. तिवईवर बसवलेली एकच नळी, तिच्या मागे हाताने फिरवायचे दारूगोळ्याचे चक्र. पुढे दीडशे वर्षांनी जे तंत्र जगभर रूढ झाले, त्याचे बीज त्यात होते. पण या गृहस्थांनी तिच्यासाठी दोन प्रकारच्या गोळ्या योजल्या होत्या: ख्रिश्चन शत्रूंसाठी गोल आणि तुर्कांसाठी चौकोनी. चौकोनी गोळीने जखम अधिक यातनादायक होईल, ही त्यामागची समजूत. बंदूक फारशी कोणी घेतली नाही. तिची थट्टा मात्र त्याच काळी सुरू झाली. १७८०च्या सुमारास इंग्रजांच्या आरमाराने हेन्री नॉक या कारागिराकडून सात नळ्यांची एक बंदूक घडवून घेतली. जहाजाच्या डोलकाठीवर बसून शत्रूच्या डेकवर एकदम सात गोळ्या सोडाव्यात, ही कल्पना. सातही नळ्या एकाच वेळी उडत आणि तिचा धक्का इतका जबर असे की ती चालवणाऱ्याचा खांदाच जायबंदी होई. शिवाय नळ्यांतून निघणाऱ्या ज्वाळांनी आपलीच शिडे पेटतील ही धास्ती. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर ऑस्ट्रियात निघालेले 'कोलिब्री' पिस्तूल याच्या अगदी उलट टोकाचे. त्याची गोळी अवघी २.७ मिलिमीटर व्यासाची. कोलिब्री म्हणजे फुलांतला मध पिणारा एक इवलासा पक्षी. नावाप्रमाणेच ते पिस्तूल तळहातावर मावते, आणि त्याने कोणाचे संरक्षण झाले असेल यावर विश्वास बसणे कठीण. १९६०च्या दशकात अमेरिकेत 'जायरोजेट' आले. त्याची गोळी म्हणजे एक छोटे अग्निबाण. नळीतून बाहेर पडताना ती संथ असे आणि दूर गेल्यावर वेग घेई. त्यामुळे शत्रू जितका जवळ, तितकी ती दुबळी!

यांतली एकही बंदूक आपल्या काळात यशस्वी झाली नाही. मात्र शौकिनांचे मन नेमके यांच्यावरच बसलेले असते. जी रायफल लाखोंच्या संख्येने निघाली, जिने युद्धे जिंकून दिली, तिच्याविषयी ते आदराने बोलतात. सात नळ्यांच्या बंदुकीविषयी बोलताना त्यांचा आवाज बदलतो. या बदलत्या आवाजाची ओळख साहित्याच्या विद्यार्थ्याला पटायला हरकत नाही. संस्कृत काव्यशास्त्रात चित्रकाव्य नावाचा एक प्रकार आहे. श्लोकातली अक्षरे अशा बेताने योजायची की ती विशिष्ट आकृतीत मांडता यावीत: पद्मबंध, मुरजबंध, आणि योगायोग असा की खड्गबंधसुद्धा. तलवारीच्या आकारात बसणारा श्लोक. मम्मटाने चित्रकाव्याला अवर, म्हणजे खालच्या दर्जाचे ठरवले. वर्गात शिकवताना आपणही ते प्रकरण दहा मिनिटांत उरकतो. रस नाही, ध्वनी नाही, केवळ कसरत. पण भारवी-माघासारख्या महाकवींना ही कसरत सोडवली नाही आणि शतकानुशतके पंडितांना तिचा मोह पडत राहिला. प्राण घेण्याच्या कामी फसलेली बंदूक आणि हृदयाला हात घालण्याच्या कामी फसलेला श्लोक यांच्यावर जीव जडवणारी माणसे मला एकाच कुळातली वाटतात. कोणीतरी एका अवघड कल्पनेचा शेवटपर्यंत पाठपुरावा केला, याचे त्यांना अप्रूप असते.

आपल्याकडेही असे पाठपुरावे कमी झाले नाहीत. कट्यारीच्या पात्याला दोन्ही बाजूंनी पिस्तुलाची एकेक नळी जोडून मुठीपाशी चाप बसवलेली हत्यारे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत हिंदुस्थानात घडवली गेली. देशोदेशीच्या संग्रहांतून ती आज पाहायला मिळतात. कट्यार हे अंगाशी भिडून वापरायचे शस्त्र. तिची सारी करामत हलकेपणात आणि मुठीच्या पकडीत. तिला नळ्या जोडल्या की ती कट्यार म्हणून जड झाली आणि पिस्तूल म्हणून नेम धरायला अवघड. ढालीवर जी चार धातूची फुले असतात त्यांच्याआड चार पिस्तुले दडवलेल्या ढालीही आहेत. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या शस्त्रागारातही मधोमध बंदुकीची नळी बसवलेल्या ढाली होत्या. तेव्हा हा मोह एका देशाचा नव्हे. 'ऐन-ए-अकबरी'त सतरा नळ्या एकत्र जोडून एकाच बत्तीने उडवण्याच्या युक्तीचा उल्लेख येतो.

आकारानेच व्यवहाराबाहेर गेलेल्या शस्त्रांत आपली मुलूखमैदान पहिली. ती १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली. वजन सुमारे पंचावन्न टन, तोंडाशी हत्तीला गिळणाऱ्या सिंहाचा जबडा. पुढे ती परांड्यास होती आणि तिथून विजापूरच्या बुरुजावर गेली. ती डागणारा गोलंदाज बत्ती देताच पाण्यात बुडी मारी, नाहीतर आवाजाने त्याचे कान फुटत, असे सांगतात. १८५४ साली इंग्रज अधिकाऱ्यांनी विजापूरच्या निकामी तोफा विकायला काढल्या, तेव्हा या अजस्र धातूला सर्वांत मोठी बोली आली ती दीडशे रुपयांची. ती किंमत अगदीच क्षुल्लक वाटल्याने आणि लोकांची तिच्यावर श्रद्धा असल्याने विक्री थांबली. बुरुजावरची तोफ अशी वाचली; पण मराठी भाषेत ती त्याहून अधिक जोमाने जगली. सभा गाजवणाऱ्या वक्त्याला आपण आजही मुलूखमैदान तोफ म्हणतो.

भाषेत शस्त्रे अशीच टिकतात. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणे, फुसका बार, प्रश्नांची सरबत्ती, तोफेच्या तोंडी देणे हे सारे शब्दप्रयोग ज्यांनी आयुष्यात बंदूक पाहिली नाही असे लोक दिवसातून कितीदा तरी वापरतात. त्याला ऐतिहासिक कारणही आहे. १८५७ नंतर हिंदी माणसाच्या हातातून शस्त्र काढून घेण्याचे धोरण इंग्रजांनी कसोशीने राबवले. १८७८च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा ठरला आणि युरोपियनांना मात्र त्यातून सूट मिळाली. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध ठराव होत राहिले. स्वातंत्र्यानंतर १९५९चा कायदा आला, परवाना राहिलाच, आणि २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच अग्निशस्त्रे ठेवण्याची मर्यादा घातली. मराठी मध्यमवर्गाच्या वाट्याला बंदूक आली ती शब्दांतून, दसऱ्याच्या शस्त्रपूजेच्या आठवणीतून आणि संग्रहालयाच्या काचेआडून.

जुनी बंदूक ज्या शब्दांनी बनली आहे ते शब्द तर फारच देखणे आहेत. तिला तोंड असते, तिला घोडा असतो आणि तिला कान असतो. नळीच्या मागच्या टोकाला जे बारीक छिद्र असते, ज्यातून ठिणगी आत शिरते, तो कान. त्या कानाशी ठेवायच्या बारीक दारूला जुन्या मराठीत रंजक किंवा रंजूक म्हणत. आपण 'रंजक कथा' म्हणतो तो शब्द संस्कृतातला आणि हा निराळा. पण योगायोगाने एकाच रूपात भेटलेले हे दोन शब्द मला विलग करवत नाहीत. कधी कधी कानाशी रंजक भुर्रकन पेटते, धूर होतो, डोळे दिपतात, आणि आतला बार मात्र उडत नाही. कितीतरी कथा वाचताना हेच होते. शत्रूच्या तोफा हाती लागल्या आणि त्या ओढून नेता येत नसल्या, की त्यांच्या कानांत खिळे ठोकून त्या निकामी करीत. कान बुजला की तोफ म्हणजे नुसता लोखंडाचा ओंडका.

मी राहते ते कात्रज शस्त्रांच्या इतिहासात एका वेगळ्याच कारणाने प्रसिद्ध आहे. एप्रिल १६६३ मध्ये शिवाजी महाराजांनी लाल महालात शिरून शाहिस्तेखानावर छापा घातला. त्यानंतर पाठलागावर निघालेल्या मोगलांना चकवण्यासाठी कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून ते पेटवून दिले, असे सांगतात. मशालींची ती रांग पाहून मोगल सैन्य घाटाकडे धावले आणि महाराज दुसऱ्या वाटेने सिंहगडाकडे गेले. ही कथा शाळेत ऐकलेली नाही असा मराठी माणूस मिळणे अवघड. तोड्याच्या बंदुकांच्या त्या काळात रात्रीच्या अंधारात पेटत्या तोड्यांचे ठिपके पाहूनच समोरचे बळ मोजले जाई. तेव्हा डोंगरात हलणारा उजेड म्हणजे फौज, हा हिशेब पाहणाऱ्याच्या मनात आधीच तयार असणार. चिंध्या, तेल आणि बैल एवढ्या सामग्रीवर उभी राहिलेली ही युक्ती म्हणजे निव्वळ उपयोग. तिच्यात शौकिनाला जीव जडवायला काही नाही. ती काम करून विझली. आमच्या गच्चीवरून रात्री घाट चढणाऱ्या वाहनांचे दिवे दिसतात. पाहुणे आले की त्यांना ते दाखवायचे आणि बैलांची गोष्ट सांगायची, हा आमच्या घरचा शिरस्ता आहे.

ओढीची गोष्ट सुरू होते ती घाट उतरून पलीकडे गेल्यावर. कापूरहोळवरून उजवीकडे वळून भोर, आणि भोरच्या पुढे हिरडस मावळात माझे माहेरचे गाव. तिथे माझे थोरले चुलते, आप्पा, यांच्यापाशी एक ठासणीची बंदूक होती. एकनळी, केपाची. रानडुकरांपासून भाताची आणि नाचणीची राखण करण्यासाठी तिचा परवाना त्यांना मिळाला होता. १९५९च्या कायद्यातच पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे. गंमत अशी की १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आल्यावर रानडुक्कर परवानगीवाचून मारणे गुन्हा झाला. म्हणजे डुकरासाठी दिलेली बंदूक डुकरावर झाडायची नाही. आप्पा ती आकाशाकडे तोंड करून उडवत. बार झाला की डुकरे पांगत आणि खाचरे तेवढ्या रात्रीपुरती वाचत.

ती ठासण्याचा सगळा विधी मला अजून पाठ आहे. मापाने दारू ओतायची, वर कापडाचा बोळा, गजाने तो तीन-चारदा ठासायचा, मग कानावर केप बसवायची आणि घोडा चढवायचा. एका बाराला दोन-अडीच मिनिटे सहज लागत. पावसाळी हवेत दारू दमट झाली की केप फुटायची, बारीकसा 'चट्' आवाज यायचा आणि पुढे काहीच नाही. राखणीची गरज असायची नेमकी पावसाळ्यातच. निवडणूक जाहीर झाली की आप्पा बंदूक गोधडीत गुंडाळून एसटीने भोरला नेत, पोलीस ठाण्यात जमा करत, पावती खिशात घालून परत येत आणि निकाल लागल्यावर ती पावती दाखवून बंदूक घरी आणत. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, विधानसभा, लोकसभा मिळून ती बंदूक घरापेक्षा ठाण्यातच जास्त राहिली असे काकू म्हणे.

खंडेनवमीला तिची पूजा होई. नळीला झेंडूची माळ मी घालायची, हळदकुंकू मी लावायचे. पण ती खुंटीवरून काढायची आणि पुन्हा टांगायची ती आप्पांनी किंवा दादाने. मुलींनी बंदूक उचलू नये, असा नियम कोणी बोलून दाखवला नव्हता. बोलून दाखवायची गरज पडली नव्हती, इतकेच. ती किती जड असेल याचा अंदाज मी माळ घालताना बोटांनी घेत असे.

तीन वर्षांपूर्वी आप्पा गेले. परवाना माणसाच्या नावे असतो. माणूस गेला की वारसांनी शस्त्र जमा करून पुढचे काय ते ठरवायचे असते. दादा शिरवळच्या एका कारखान्यात नोकरीला आहे, राखणीला जायला त्याला वेळ नाही. काकू म्हणाली, "ती मेली घरात नको आता. तुझे आप्पा होते तोवर ठीक होतं." सगळ्यांचे मत एकच होते. आणि त्या बैठकीत मी म्हणाले की परवाना माझ्या नावे होत असेल तर मी ती घेईन.

क्षणभर कोणी बोलले नाही. मग दादा हसला. "तुला कशाला गं? कात्रजला डुकरं येतात का राखणीला?"

प्रश्न रास्त होता. चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या मराठीच्या अध्यापिकेने पीकसंरक्षणाची बंदूक मागावी, याला काहीही आधार नव्हता. कायद्याच्या दृष्टीने तर नव्हताच. माझ्यापाशी पीकच नाही. मला ती चालवायची नव्हती. भिंतीवर टांगून लोकांना दाखवायचीही नव्हती. आमच्याकडे येणारे लोक ती पाहून अस्वस्थच झाले असते. आप्पांची आठवण म्हणून हवी होती असे म्हणावे, तर काकूने मला त्यांचे घड्याळ आधीच दिले होते आणि ते माझ्या मनगटावर होते. मी स्वतःला अनेक उत्तरे देऊन पाहिली. लहानपणी उचलू दिली नाही म्हणून आता उचलायची, हे उत्तर मला बराच काळ पटले होते. त्यात तथ्य आहेच. पण तेवढेच कारण असते, तर ठाण्यात जमा करायच्या दिवशी दादाने ती माझ्या हाती दिली तेव्हाच ओढ संपायला हवी होती. त्या दिवशी अंगणापासून गाडीपर्यंत ती मी नेली. अंदाजापेक्षा ती हलकी होती. ओढ काही संपली नाही.

निरुपयोगी बंदुकांविषयी मी वाचू लागले ते या दिवसांत. आपल्यासारखे वेडे जगात आणखी आहेत हे कळल्याने दिलासा मिळाला. त्यांची भाषा मला फार जवळची वाटली. तेही सांगत होते की आम्हाला कोणाला मारायचे नाही, आम्हाला घडण आवडते, कल्पना आवडते, तिच्यातला विक्षिप्तपणा आवडतो. मी मनाशी म्हटले, हाच तो रूपाचा निर्हेतुक आनंद. कलावस्तूकडे उपयोगाचा विचार न करता पाहावे, हे आपण सौंदर्यशास्त्राच्या तासाला सांगतोच. आप्पांची बंदूक माझ्या लेखी कलावस्तू झाली आहे, एवढाच याचा अर्थ.

अशा एका दिवशी पुण्यातल्या बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मी विद्यार्थ्यांना घेऊन गेले होते. दिनकर गंगाधर केळकर हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे कवी. पुढे कवितेपेक्षा अडकित्ते, दिवे, दरवाजे, वाद्ये आणि शस्त्रे जमवण्यातच त्यांचे आयुष्य गेले, आणि अकाली गेलेल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी त्या संग्रहाला दिले. एका कवीने उभारलेल्या त्या वास्तूत, काचेआडच्या शस्त्रांपुढे उभी असताना मला एक साधी गोष्ट जाणवली. अडकित्त्यांसमोर मी जशी निवांत उभी होते, तशीच बंदुकांसमोरही निवांत उभी होते. सुंदर होत्या, पण त्यांतली एकही मला हवीशी वाटत नव्हती. माझा कलावस्तूचा सिद्धांत खरा असता, तर इथे माझी ओढ दसपट व्हायला हवी होती.

या कोड्याचे उत्तर मला कायद्याच्या पुस्तकात सापडले. परवान्याचा मार्ग बंद होता, म्हणून दुसरी काही वाट आहे का याची चौकशी मी करत होते. १९५९च्या कायद्याच्या पंचेचाळिसाव्या कलमात ज्यांना कायदा लागू होत नाही अशा गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांत जुनाट घडणीची, पुरातन मोलाची किंवा मोडकी शस्त्रे येतात. पण एका अटीवर. दुरुस्ती करून किंवा न करता, कोणत्याही रीतीने ते अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगे असता कामा नये. या विषयातल्या एका माहितगाराने मला समजावून सांगितले की रीतसर परवानगी घेऊन नळी आतून भरून टाकायची, कान वितळवून बुजवायचा, घोड्याचा संबंध तोडायचा, आणि तसे प्रमाणपत्र घ्यायचे, असा एक मार्ग निघू शकेल. बाहेरून बंदूक तशीच्या तशी दिसेल. लाकडावरचे आप्पांच्या हाताचे डाग, नळीवरचे पोचे, माळ घालायची जागा, सारे तसेच.

माझ्या सांगण्याप्रमाणे मला जे हवे होते, ते सगळे यात मिळत होते. घडण, आठवण, रूप. जाणार होती ती फक्त बार उडण्याची शक्यता. आणि मी तर ती कधी उडवणारच नव्हते.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर माझ्या ध्यानात आले की मला ती बंदूक आता नको आहे. त्यात निराशा नव्हती, रागही नव्हता. पोट भरल्यावर ताट पुढे सरकवावे तितक्या सहजपणे ती ओढ गेली होती. कान बुजवलेली बंदूक ही मला संग्रहालयातल्या बंदुकांसारखीच वाटू लागली: पाहावी आणि पुढे जावे.

त्या निवांतपणाचा मी पुष्कळ विचार केला आहे, आणि तो मला सुखाचा झालेला नाही. ज्या ओढीला मी निर्हेतुक म्हणत होते, तिच्या बुडाशी एक बारीक छिद्र होते आणि ते उघडे असणे तिला आवश्यक होते. मला कोणाला मारायचे नव्हते, हे खरेच आहे. पण 'हिने मारता येईल' ही शक्यता जोवर त्या लोखंडात जिवंत होती तोवरच ते लोखंड मला हवे होते, हेही तितकेच खरे आहे. पावसात नेमकी चट् करून गप्प बसणारी, दोन मिनिटांत एक बार काढणारी, अर्धे आयुष्य पोलीस ठाण्यात काढलेली ती बंदूक निरुपयोगी होती, निर्जीव नव्हती. या दोहोंतला फरक मी लक्षातच घेतला नव्हता. कायद्याच्या मसुदाकाराने मात्र तो घेतला होता. त्याला रूपाशी, जुनेपणाशी, आठवणींशी काही कर्तव्य नव्हते. ती उडते का, एवढेच त्याने विचारले, आणि शौकिनाच्या मनातल्या गाठीवर नेमके बोट ठेवले. सात नळ्यांच्या बंदुकीवर भाळलेल्याला तिची लाकडी प्रतिकृती देऊन पाहावी. घडण तीच, कल्पना तीच, विक्षिप्तपणा तोच. ती त्याला पुरेल असे मला वाटत नाही.

चित्रकाव्याचीही अट अशीच आहे, हे मी आता वर्गात आवर्जून सांगते. खड्गबंधातली अक्षरे तलवारीच्या आकारात बसली की काम संपत नाही. तो श्लोक सरळ वाचला तरी व्याकरणाने शुद्ध आणि अर्थाने पूर्ण असावा लागतो. अर्थ काढून घेतला तर उरते ती नुसती आकृती, आणि तिच्यासाठी कोणी पंडित रात्र जागवत नाही. मम्मटाने त्याला खालचे ठरवले. काव्याच्या बाहेर काढले नाही. रसिकाला श्लोकाचा आकारच आवडतो असे तो कितीही म्हणो, त्या आकाराच्या आत अर्थाची दारू कोरडी राहिलेली आहे हे तो जाणून असतो. श्लोकाच्या बाबतीत ही जाणीव सुखाची आहे. बंदुकीच्या बाबतीत ती तशीच ठेवून चालत नाही, कारण तिथे अर्थाचे नाव वेगळे आहे. निव्वळ रूपाचा आनंद म्हणून आपण ज्याचे समर्थन करतो, त्यातून नेमके काय काढून घेतले असता तो आनंद नाहीसा होईल, हे एकदा विचारून पाहण्याची सवय त्या दिवसापासून मला लागली आहे. गडकोटांवरचे प्रेम, युद्धाच्या कविता, म्यानातल्या तलवारीसह काढलेली छायाचित्रे अशा कितीतरी ठिकाणी हा प्रश्न लागू पडतो. उत्तर दर वेळी वाईटच येते असे नाही. पण विचारल्याशिवाय ते कळत नाही.

दादाने कागदपत्रे पूर्ण केली आणि बंदूक सरकारजमा झाली. अशा शस्त्रांचे पुढे काय होते याची चौकशी आमच्यापैकी कोणी केली नाही. खुंटी रिकामी होती, तिच्यावर काकूने आता इरले अडकवले आहे. मागच्या पावसाळ्यात गेले तेव्हा नाचणी पोटरीला आली होती. दिवस मावळल्यावर काकू बांधावर जाऊन दिवाळीतले उरलेले सुतळी बॉम्ब लावत होती. एक फुटला, दुसरा दमट निघाला. डुकरे घाबरतात का, असे मी विचारले. "पहिले चार दिवस घाबरली," काकू म्हणाली, "आता त्यांनाही कळलंय, नुसता आवाज आहे ते."